वर्ष वाया गेलं का?

बालमित्रांनो,

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. तालुक्याच्या गावाहून आमच्या शाळेचा खो-खोचा संघ परत येत होता. काळी-पिवळीत बारा मुली, मी आणि मागे टाकलेली पाण्याची कळशी. जाताना याच गाडीत इतका गोंगाट होता की ड्रायव्हरकाकांनी दोनदा मागे वळून पाहिलं होतं. येताना मात्र कुणी बोलेना. एकीने खिडकीला डोकं टेकवलं होतं आणि डोळे पुसायचं निमित्त म्हणून ती सारखी 'धूळ गेली, धूळ गेली' म्हणत होती. खिडकीची काच तर बंद होती!

आम्ही तालुक्याच्या उपांत्य सामन्यात एका गुणाने हरलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने तालुक्याला उपांत्य फेरी गाठली, म्हणजे छानच की! अगदी बरोबर. दोन वर्षांपूर्वी असं झालं असतं तर गावात पेढे वाटले असते. तेव्हा आमची मजल केंद्रस्तरापर्यंतच होती. शेजारच्या गावात जायचं, हरायचं, वडापाव खाऊन परत यायचं. पण त्याच्या पुढच्या वर्षी काय झालं कोण जाणे, आमच्या मुली केंद्र जिंकल्या, बीट जिंकल्या, तालुका जिंकल्या आणि थेट धुळ्याला जिल्हास्तरावर जाऊन आल्या. तिथे पहिल्याच सामन्यात हरल्या, तरी गावाने त्यांची मिरवणूक काढली.

आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. त्या वर्षी मुलींकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती. या वर्षी सगळ्यांचीच होती. त्यात मीही होतो, बरं का! जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी मी फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने लिहून ठेवलं होतं, 'यंदा जिल्हा जिंकायचाच!' सहा महिने ते अक्षर कुणी पुसलं नाही.

गाडी पारापाशी थांबली. तिथे बसलेल्या एका बाबांनी आमच्या अहिराणीत विचारलं, "काय लई उनात, गुरुजी?" म्हणजे काय घेऊन आलात? मी म्हटलं, "उपांत्य फेरीत हरलो, बाबा." ते म्हणाले, "म्हणजे यंदाचं वर्ष वाया गेलं म्हणा की!"

बाबांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आमच्या कर्णधार मुलीने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात तिने उभं राहून मला विचारलं, "सर, आपलं वर्ष खरंच वाया गेलं का?"

तिला त्या दिवशी जे सांगितलं तेच आज तुम्हांलाही सांगतो.

क्रिकेटची रणजी करंडक स्पर्धा तुम्हांला माहीत असेल. १९३४-३५ सालापासून ती खेळली जाते. या स्पर्धेत आपल्या एका राज्याचे तीन संघ असतात: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. जळगाव-धुळ्याच्या एखाद्या मुलाला रणजी खेळायची असेल, तर त्याची वाट महाराष्ट्राच्या संघातून जाते. म्हणून हा आपला संघ.

आपल्या या संघाने रणजी करंडक दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये. तेव्हा कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवणारे हे प्राध्यापक तेव्हा पन्नाशीला टेकले होते! त्यानंतर मात्र करंडक हुलकावणी देत राहिला. १९७०-७१ मध्ये अंतिम सामना गाठला, हरलो. १९९२-९३ मध्ये गाठला, पंजाबकडून हरलो. मग वीस वर्षं अंतिम सामनाही नाही.

२०१३-१४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्र 'क' गटात होता. म्हणजे वर्गातल्या शेवटच्या बाकावर म्हणा ना! पण शेवटच्या बाकावरच्या मुलाने त्या वर्षी कमाल केली. केदार जाधवने एका हंगामात १२२३ धावा काढल्या. संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि समोर कोण? वानखेडे मैदानावर खुद्द मुंबई! मुंबईच्या पहिल्या डावात ४०२ धावा झाल्या, आपल्या २८०. म्हणजे १२२ धावांनी मागे. सगळ्यांनी आशा सोडली असेल. पण दुसऱ्या डावात आपल्या गोलंदाजांनी मुंबईला १२९ धावांत गुंडाळलं. मग केदार जाधव आणि जालन्याचा विजय झोल यांनी नाबाद राहून सामना जिंकून दिला. उपांत्य सामन्यात बंगालचा पहिला डाव ११४ धावांत आटोपला आणि आपण १० गडी राखून जिंकलो.

हैदराबादला अंतिम सामना झाला. कर्नाटकाने आपल्याला ७ गडी राखून हरवलं. करंडक नाहीच मिळाला. तरीही त्या वर्षी 'हंगाम वाया गेला' असं कुणाला वाटलं असेल का? शेवटच्या बाकावरून उठून पोरगं वर्गात दुसरं आलं होतं!

आता गंमत बघा. पुढच्या वर्षी, २०१४-१५ मध्ये, आपला संघ पुन्हा उपांत्य फेरीत पोचला. कोलकात्याला तमिळनाडूशी गाठ पडली. पाच दिवस खेळूनही सामना निकाली झाला नाही. अशा वेळी पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढे जातो. तमिळनाडूच्या जास्त होत्या. आपण घरी आलो.

सलग दोन वर्षं देशातल्या पहिल्या चार संघांत. दोन वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. पण आता लोकांची मोजपट्टीच बदलली होती. गेल्या वर्षी दुसरे होतो ना, मग यंदा पहिले का नाही? कामगिरी जवळपास तीच, आणि एका वर्षी टाळ्या, दुसऱ्या वर्षी हळहळ. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, २०१५-१६ मध्ये, संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंतही पोचला नाही. तेव्हा कुठे लक्षात येतं की सलग दोनदा तिथवर जाणं किती अवघड होतं!

शेजारच्या विदर्भाचं तर आणखी वेगळं. १९५७-५८ पासून हा संघ रणजी खेळत होता. साठ वर्षांत करंडक नाही. २०१७-१८ मध्ये प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि कर्णधार फैज फजल यांच्या संघाने इंदूरला दिल्लीला हरवून तो पहिल्यांदा जिंकला. रजनीश गुरबाणीने तर त्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेतली. पुढच्या वर्षी सगळे म्हणाले, आता पाहू! तर पुन्हा जिंकले. तिसऱ्या वर्षी मात्र उपांत्यपूर्व फेरीतही नाव नाही. पुढे २०२४ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून हरले आणि २०२५ मध्ये नागपूरला पुन्हा करंडक उचलला. साठ वर्षं ज्या संघाला उपांत्य फेरीचंही अप्रूप होतं, त्याच संघाला २०२४ चं उपविजेतेपद टोचलं असणार.

"मग सर, कितीही चांगलं केलं तरी लोक नाराजच होणार?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

मी त्यांना अमेरिकेतल्या बेसबॉलचं सांगितलं. आपल्याकडे सॉफ्टबॉल खेळतात ना, त्याचा हा मोठा भाऊ. तिथे एकेक संघ एका हंगामात साखळीचे १६२ सामने खेळतो! २००१ साली सिॲटल मरिनर्स नावाच्या संघाने त्यांतले ११६ जिंकले. इतके विजय मिळवणं म्हणजे मोठाच विक्रम. आणि शेवटी? अंतिम फेरीच्या अलीकडेच ते न्यूयॉर्क यांकीजकडून हरले. करंडक दुसऱ्याच संघाला. आता त्या ११६ विजयांचं काय करायचं? नाल्यात टाकायचे? तिथे तीस संघ आहेत. करंडक म्हणजेच यश असं धरलं, तर दर वर्षी एकोणतीस संघांचं वर्ष वाया!

यावर वर्गात एक मुलगा उठला. त्याच्या घरी कापूस असतो. तो म्हणाला, "सर, आमच्या आजोबांचं असंच झालं." २०२१-२२ च्या हंगामात कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला होता, आठवतं? पुढच्या वर्षी आपल्या खान्देशात कित्येकांनी कापूस घरातच भरून ठेवला. कशासाठी, तर दहा हजार मिळाल्याशिवाय विकायचा नाही! ओटीवर कापूस, खोलीत कापूस, सगळ्यांच्या अंगाला खाज. भाव काही चढला नाही, उलट सात-आठ हजारांपर्यंत उतरला. "आजोबा म्हणतात, गेल्या वर्षीच्या भावाने यंदाचा कापूस मोजला, तिथे चुकलं," असं तो मुलगा म्हणाला. मी त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली. मला तास घेऊन जे सांगता येत नव्हतं, ते त्याच्या आजोबांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

पण मुलांनो, इथेच थांबलो असतो तर ती नुसती समजूत घालणं झालं असतं. 'हरलो तरी चालतं' असं मला मुलींना सांगायचं नव्हतं. हरल्याचं वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं. म्हणून आम्ही वह्या काढल्या आणि तीन प्रश्न लिहिले.

पहिला : गेल्या वर्षी येत नव्हतं ते यंदा आलं का?

मुली विचार करू लागल्या. गेल्या वर्षी तिघीच गडी बाद करायच्या, यंदा सातजणींनी गुण मिळवले होते. पाचवीतली एक मुलगी गेल्या वर्षी मैदानात उतरायलाच घाबरायची, यंदा ती पहिल्या तुकडीत पळाली. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ती मुलगी लाजून बाकाखाली वाकली.

दुसरा : आपल्या हातात होतं ते सगळं केलं का?

इथे वर्ग गप्प झाला. मग कर्णधारच म्हणाली, "नाही सर. दिवाळीच्या सुट्टीत आपण सराव केलाच नाही. वाटलं, आपण तर जिल्ह्याला गेलेलो आहोत." खांबाजवळ सूर मारायचा सरावही कमी पडला होता, आणि शेवटचा गडी तिथूनच निसटला होता. शिवाय ज्या शाळेने आम्हांला हरवलं तिला आम्ही गेल्या वर्षी हरवलं होतं. आम्ही मिरवणुकीत होतो तेव्हा त्या मुली मैदानावर असणार.

मीही उभा राहिलो आणि म्हटलं, "माझंही एक चुकलं. मी फळ्यावर 'जिल्हा जिंकायचाच' लिहिलं, पण त्यासाठी रोज काय करायचं ते लिहिलंच नाही." मुली हसल्या. सर चुकले की मुलांना आनंद होतोच!

तिसरा : पुढच्या वर्षासाठी हातात काय उरलं?

सातवीच्या पाचजणी शाळा सोडून हायस्कुलात जाणार होत्या. उरल्या सातजणी. त्यांतल्या चौघींना तालुक्याच्या मैदानाची भीती आता राहिली नव्हती.

मग मी कर्णधाराला म्हटलं, "आता तूच सांग, वर्ष वाया गेलं का?" ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सगळं नाही, सर. दिवाळीची सुट्टी तेवढी वाया गेली."

मला वाटतं, इतकं खरं उत्तर मलाही देता आलं नसतं. तिने उठून फळ्याच्या कोपऱ्यातलं माझं वाक्य पुसलं आणि तिथे लिहिलं, 'रोज खांबावर वीस सूर.' ती स्वतः जूनमध्ये हायस्कुलात गेली. तिला त्या सुरांचा काही उपयोग नव्हता. पण ते अक्षर तिचंच आहे आणि आजही ते कुणी पुसलेलं नाही.

आता तुमची पाळी. खेळ असो, परीक्षा असो, चित्रकलेची स्पर्धा असो, यंदा ज्या गोष्टीत तुमच्याकडून सगळ्यांनी खूप अपेक्षा केली होती ती आठवा. वही घ्या आणि हे तीन प्रश्न लिहून त्यांची उत्तरं द्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना पेन अडखळेल. अडखळू दे, पण खरंच लिहा. आणि जमलं तर मला पत्राने कळवा. तुमच्या पत्रांची मी वाट पाहतो.

बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमचा,
सर