पायाखालचा साग

दरवर्षी दिवाळी अंकाच्या या पानावर मी शब्दांविषयी काहीतरी लिहितो. मराठीच्या मास्तराला दुसरे येते काय? यंदाही शब्द येतील, पण ते पायाखालून येतील.

गेल्या वर्षी पाऊस लागण्यापूर्वी आम्ही आमच्या जामनेरच्या घराची माडी उतरवली. हौसेने नव्हे. मागच्या भिंतीला पोट आले होते, आणि मातीच्या भिंतीला एकदा पोट आले की तिचे दिवस भरले, असे गवंडी म्हणाला. माडी उतरली, खालच्या दोन खोल्या नव्याने बांधायच्या ठरल्या आणि अंगणात पत्र्याखाली सागाच्या फळ्यांची एक थप्पी येऊन बसली. आजोबांनी १९३८ साली घर बांधले तेव्हा माडीला घातलेली तक्तपोशी ती. एक इंच जाड, धुळीने काळवंडलेली. एका फळीवर तर रॉकेलचा गोल डाग अजून दिसत होता. कंदील कुठे ठेवत असत ते त्यावरून कळावे.

नव्या खोल्यांपैकी एक आईची. आता आईच्या खोलीचा प्रश्न आमच्या घरी साधा नव्हता. दोन वर्षांपूर्वी पुण्याला धाकट्याच्या फ्लॅटमध्ये ती गुळगुळीत फरशीवर घसरली आणि उजवे मनगट मोडून घेतले. हाड जुळले, पण भीती गेली नाही. तेव्हापासून ती भिंत धरून चालते. तशात गुडघे दुखरे. आमच्याकडे उन्हाळा कसा असतो हे खानदेशाबाहेरच्यांनाही ठाऊक आहे, पण पौषात पारा दहाच्या खाली उतरतो आणि फरशी पायांना चावते, हे फारसे कोणी विचारात घेत नाही. तेव्हा आईच्या खोलीला लाकडाची जमीन करायची, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत झाले. कोणते लाकूड, इथे मात्र घोडे अडले.

धाकट्याने फोनवरून निकाल देऊन टाकला. "दादा, लॅमिनेट घाला. एका दिवसात काम होतं, ना रंधा ना पॉलिश. आणि त्या फळ्या विकून टाका. जुन्या सागाला भाव आहे. येतील ते निम्मे निम्मे करू." यात गैर काही नव्हते. घर दोघांचे, फळ्या दोघांच्या, आणि त्याच्या डोक्यावर फ्लॅटचे हप्ते. जळगावहून जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन मोजून गेला. सतरा घनफूट भरले. त्याने रक्कम सांगितली तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो. माझ्या पगारातही ती रक्कम लहान नव्हती.

पण मी गप्प बसलो तो हिशेबाने नव्हे, हे कबूल केले पाहिजे. 'आजोबांच्या फळ्या विकायच्या?' असे काहीसे माझ्या मनात दाटून आले होते. वर्गात करुण रस शिकवणाऱ्याला अशी सवय लागते.

सौभाग्यवतीने व्यवहार हातात घेतला. "आधी तुमचं ते लॅमिनेट बघू तरी," असे म्हणून ती मला जळगावच्या एका दुकानात घेऊन गेली. दुकान थंडगार. भिंतीला टेकून पट्ट्या उभ्या होत्या: ओक, अक्रोड आणि सागसुद्धा. हात फिरवला तर रेषा बोटांना लागाव्यात इतकी हुबेहूब. मी दुकानदाराला एक पट्टी उलटी करायला सांगितली. खाली भुश्याच्या रंगाचा दाट पुठ्ठा.

तो पुठ्ठाही लाकडाचाच असतो. लाकडाचे तंतू वेगळे करून, राळ घालून, प्रचंड दाबाखाली बसवलेला. त्यावर एक छापील कागद, म्हणजे लाकडाचे चक्क छायाचित्र, आणि त्याच्यावर पारदर्शक थर. या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असते, म्हणजे ज्या कुरुंदाच्या दगडावर आपण विळ्यांना धार लावतो त्याचाच हा सख्खा भाऊ. म्हणून खुर्ची ओढली तरी त्यावर सागापेक्षा कमी ओरखडे उठतात. कल्पना नवी म्हणावी तर तशी नाही. कागदाचे थर राळेत भिजवून दाबण्याची युक्ती अमेरिकेत १९१२-१३ च्या सुमारास निघाली. विजेच्या कामात अभ्रकाऐवजी, म्हणजे 'फॉर मायका', वापरायचा म्हणून त्या पदार्थाचे नाव फॉर्मायका पडले. आपल्या स्वयंपाकघरातला सनमायका याच कुळातला. तो टेबलावरून जमिनीवर उतरवला स्वीडनच्या पेर्स्टोर्प कंपनीने, १९७७ साली. पुढे पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या खाचा निघाल्या आणि सरसही लागेनासा झाला.

एवढे सगळे ऐकून मी जवळजवळ विरघळलो होतो. तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाली, "अहो, ही गाठ बघा. आणि ही. आणि त्या तिकडची." तीन वेगवेगळ्या पट्ट्यांवर एकच गाठ, त्याच जागी, तशीच डोळा मिचकावून बघत असलेली. दुकानदार हसला. छापायला चित्रे मोजकीच असतात, त्याला तो काय करणार?

मग तिने खरा प्रश्न विचारला. "पाणी सांडलं तर?" लगेच पुसले तर काही नाही, तो म्हणाला. साचून राहिले आणि सांध्यातून आत शिरले, तर आतला पुठ्ठा फुगतो. फुगला की पुन्हा बसत नाही, पट्टी बदलावी लागते. आणि रोज बादलीभर पाण्याने धुऊन काढायची नाही, पिळलेल्या फडक्याने पुसायचे. आईच्या खोलीला लागून न्हाणीघर आहे. ती ओल्या पायांनी बाहेर येते, आणि वाकून पुसणे तिला जमत नाही. आम्ही नमुन्याच्या दोन पट्ट्या घेऊन बाहेर पडलो.

परतताना एस.टी.त माझ्या डोक्यात शब्द सुरू झाले. 'भुई' आपली, 'भूमी'वरून आलेली. शेणाने सारवायची ती भुई. 'जमीन' फारसीतून आली. 'फरशी'च्या मुळाशी 'फर्श', म्हणजे पसरलेले, अंथरलेले. 'तक्तपोशी'त तख्त म्हणजे फळी आणि पोशी म्हणजे पांघरूण. आणि 'लॅमिनेट'च्या मुळाशी लॅटिनमधला पातळ पत्रा. म्हणजे भुई सोडली तर बाकी सगळी अंथरुणे-पांघरुणेच की! हे मी सौभाग्यवतीला सांगितले. ती म्हणाली, "पहूर आलं."

घरी आल्यावर मी आईपुढे माझी बाजू मांडली. आजोबांची माडी, त्यांच्या चपलांचा वरून येणारा आवाज, पाटावर बसून आम्ही ऐकायचो तो. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुला आवाज आठवतो. मला माती आठवते. वर कुणी चाललं की फटींतून माती गळायची. तुम्हांला ताटात दिसली की तुम्ही ओरडायचे. मी भातावर झाकण धरून बसायची. पस्तीस वर्षं. ती तक्तपोशी तुझ्या आजोबांची असेल, झाडायची मीच." आणि वर, "विकायची तर विका. मला काय, पाय घसरू नये म्हणजे झालं."

मी निरुत्तर झालो. आठवणींचे गाठोडे घेऊन गेलेल्या माणसाला दारातूनच परत लावावे तसे झाले.

तोडगा सुतारमिस्त्रींनी काढला. "सर, वाद कशाला? आजींनाच चालू द्या." त्यांनी कोब्यावर एका बाजूला आणलेल्या पट्ट्या फोमच्या पातळ थरावर मांडल्या, दुसऱ्या बाजूला रिपांवर आमच्या चार फळ्या रंधा मारून ठोकल्या. रंध्याखालून तो साग निघाला तेव्हा सगळे अंगण वासाने भरले. पंच्याऐंशी वर्षांचे काळे एका धारेत गेले आणि खाली मधासारखा रंग. ही सोय छापील कागदाला नाही. तो झिजला की खाली पुठ्ठाच.

आई आधी लॅमिनेटवर चालली, मग सागावर, मग पुन्हा लॅमिनेटवर. काठीचा आवाज वेगळा येत होता. सुट्या मांडलेल्या पट्ट्या खाली जराशा दबतात आणि पोकळ वाजतात. आई थांबून म्हणाली, "इथं मागून कुणी येतंय असं वाटतं." सागावरही एक फळी कुरकुरली, पण ते तिला चालले. जपानात क्योतोच्या निजो किल्ल्यात चालताना चिवचिवणाऱ्या लाकडी वाटा आहेत. कुणी आले की कळते. आमच्या फळीने तेच काम केले असे समजू. मग ती दोन्हींवर अनवाणी उभी राहिली, आणि शेवटी काठीनेच सागाकडे बोट दाखवले. "हे धरतं पायाला."

धाकट्याला फोन केला. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ठीक आहे. पण माझा वाटा?" मी म्हटले, "देईन, हळूहळू." त्यावर तोही फार काही बोलला नाही आणि मीही नाही. भावाभावांतले असे मौन महिनाभर पुरते.

पुढचे काम सोपे नव्हते. फळ्यांचा तिसरा हिस्सा बाद झाला. गाभ्याच्या सागाला वाळवी सहसा तोंड लावत नाही, कारण त्याच्या अंगात तेल असते, पण कडेच्या पांढऱ्या लाकडाला ते संरक्षण नाही आणि तिथे तिने मनसोक्त खाल्ले होते. खोली बारा बाय चौदा, म्हणजे एकशे अडुसष्ट चौरस फूट. फळ्या पुरल्या एकशे तेहतीस फुटांना. उरला न्हाणीघराच्या बाजूचा अडीच फुटांचा पट्टा. मला हळहळ वाटली. मिस्त्री म्हणाले, "बरंच झालं सर, ओल्या जागी लाकूड नकोच." तिथे बिनपॉलिशची शहाबादी घातली. कर्नाटकातल्या शहाबादचा हा खडबडीत दगड ओल्या पायाला घसरू देत नाही.

मिस्त्रींनी घाई केली नाही. कोबा पुरता सुकू दिला, फळ्या महिनाभर त्याच खोलीत रचून ठेवल्या. लाकूड आमच्या हवेत पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात आकसते, म्हणून जमीन ठोकली ती आश्विनात, मधल्या हवेत, आणि भिंतीकडेने अर्धा इंच जागा मोकळी सोडून वर पट्टी मारली. चकचकीत पॉलिश नाही, नुसते जवसाचे तेल. त्याचा वास मात्र आठ दिवस घरभर.

भांडण झाले ते शेवटच्या दिवशी. लाकूड आणि शहाबादी जिथे भेटतात तिथे फरशी अर्धा इंच वर निघाली. गवंडी म्हणे फळी उचला, मिस्त्री म्हणे फरशी उतरवा. मी "अर्धाच इंच तर आहे" असे बोलून गेलो. सौभाग्यवती तिथेच उभी होती. ती म्हणाली, "आईंचा पाय तेवढाही उचलत नाही." गवंड्याने निमूटपणे पाच फरशा काढल्या आणि पुन्हा बसवल्या. आता त्या सांध्यावरून हात फिरवला तरी कळत नाही.

धाकटा सहकुटुंब दिवाळीला आला तेव्हा आधी आईच्या खोलीत गेला. चपला बाहेर काढून बराच वेळ आत होता. पुण्याचे लॅमिनेट वाईट नाही, हे मी त्याला आवर्जून सांगितले. तेवढ्या पैशांत, तेवढ्या वेळात, भाड्याच्या किंवा पुढेमागे विकायच्या घरात मीही तेच घातले असते.

पाडव्याला जेवायला बसताना आईने कोपऱ्यातून नवे कोरे पाट काढायला लावले. बाद फळ्यांच्या चांगल्या तुकड्यांतून मिस्त्रींकडून तिने ते आम्हांला न कळवता करून घेतले होते. चार पाट, सागाचे. एकावर रॉकेलचा गोल डाग तसाच ठेवलेला. तो तिने धाकट्याला दिला.

"हा माझा वाटा का?" त्याने विचारले.

"बस आधी," आई म्हणाली, "भात निवतोय."

पुण्याला जाताना पाट त्याने गाडीत मागच्या सीटवर ठेवला आणि वर मुलांची चादर टाकली.