खुरपं हाती घेण्यापूर्वी

ऑक्टोबरचं ऊन ओसरलं की मोगरा, जास्वंद, सोनचाफ्याची रोपं जमिनीत लावावीत. कडक थंडीआधी ती मूळ धरतात. पण धनुर्वात फक्त गंजलेल्या खिळ्याने होतो, हा समज आधी सोडा. त्याचे जंतू मातीत, शेणखतात वर्षानुवर्षे टिकतात. खोल रुतलेला काटाही त्यांना पुरतो. जखमेवर हळद, माती दाबू नका. साबण-पाण्याने धुवा, डॉक्टरांना दाखवा.

गरोदर बायकांना आणि मुलांना टीडीची लस आठवणीने दिली जाते. घरातल्या पुरुषमंडळींचा शेवटचा डोस कधी झाला, हे मात्र विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. माझ्या मते ही हयगय थांबायला हवी. दर १० वर्षांनी डोस घ्या. रोपं आणायला निघालात, की वाटेत दवाखान्यात डोकवा.