नक्षी आणि सांधा

सेल्जुक किंवा उस्मानी परंपरेचा वारसा सांगणारे नवे फर्निचर आज तुर्कस्तानात पुष्कळ तयार होते. त्यावरील तारे आणि बहुकोन पाहणाऱ्याला मोहवतात. परंतु ही नक्षी मुळात कोणत्या गरजेतून आली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

कुंदेकारी ही तेथील जुनी काष्ठकला होय. अक्रोडासारख्या लाकडाचे लहान लहान तारे व बहुकोन कापायचे आणि खाचा पाडलेल्या पट्ट्यांत ते गुंफायचे. खिळा नाही, सरसही नाही. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. प्रत्येक तुकड्याला हालचालीपुरती जागा मिळाल्याने असा पृष्ठभाग सहसा वाकत वा तडकत नाही. बेयशेहिर येथील एश्रेफओग्लू मशिदीचे (१२९६–१२९९) मिंबर, म्हणजे प्रवचनाचे व्यासपीठ, हा या कलेचा नावाजलेला नमुना. ही मशीद २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. तेथे नक्षी हीच रचना आहे.

अनुकरणही तितकेच जुने आहे. फळ्या जोडून त्यांवर नक्षी कोरायची किंवा तुकडे ठोकायचे, ही नकली कुंदेकारी सेल्जुक काळातही होती. कालांतराने फळ्या आकसल्या, की भेग ताऱ्याच्या अंगावरून सरळ जाते आणि बनाव उघडा पडतो. यंत्राने एमडीएफवर कोरलेला आजचा तारा याच कुळातला. एमडीएफ ऋतुमानानुसार लाकडाइतके हलत नाही. म्हणून तेथे ताऱ्याला काही कामच उरत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना हा वाद परका नाही. रसाच्या ओघातच जो सिद्ध होतो, ज्यासाठी कवीला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही, तोच अलंकार आनंदवर्धनाने ध्वनिकाव्यात मान्य केला. कवितेतील चिकटवलेली प्रतिमा आपण चटकन ओळखतो. वस्तूंकडे पाहताना हीच कसोटी आपण का लावू नये?

स्वस्त टेबलावर नक्षी असू नये, असे आम्ही म्हणत नाही. यंत्रालाही आमचा विरोध नाही. अचूक खाचा यंत्रही पाडू शकते. मात्र जो रचनाकार तारा सोडून देतो, साधे चौकोनी तुकडे घेतो, आणि तरीही लाकडाला हलू देणारा सांधा राखतो, तो आम्हांला परंपरेचा अधिक खरा वारस वाटतो. नक्षीची प्रत कोणालाही, केव्हाही काढता येते. सांध्याची विद्या मात्र हाताकडून हाताकडेच जाते, आणि मागणी नक्षीपुरतीच राहिली तर ती शिकायला कोणी येणार नाही.