गहाण ठेवलेलं कुरण

समुद्री गवताचा अभ्यास करते असं सांगितलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, "हे गवत किती कार्बन साठवतं?" त्यात कोणते मासे वाढतात, ते उपटलं तर कोणाचं जाळं रिकामं राहतं, हे फारसं कोणी विचारत नाही. निधीसाठीच्या अर्जांत 'ब्लू कार्बन' हे शब्द मीही आवर्जून पेरले आहेत. तेव्हा हा आक्षेप माझ्यावरही आहे.

समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात. मुळं गाळ धरून ठेवतात आणि त्या गाळात कार्बन शतकानुशतकं गाडलेला राहतो. याबद्दल वाद नाही. माझा वाद आहे तो या साठ्याची क्रेडिट्स विकत घेऊन दुसरीकडे धूर सोडत राहण्याशी.

पश्चिम ऑस्ट्रेलियातला शार्क बे पाहा. १९९१ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. तरीही २०१०-११ च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी दोन महिन्यांहून अधिक काळ नेहमीपेक्षा २ ते ४ अंशांनी तापलं आणि सुमारे एक तृतीयांश कुरणांची हानी झाली. गाळ उघडा पडला. पुढच्या तीन वर्षांत त्यातून २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड सुटला असावा, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे ज्या धुराची भरपाई कुरणानं करायची, त्याच धुराची उष्णता कुरणाला मारते. गहाण ठेवलेल्या घरालाच काडी लावण्याचा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे २०२२ मध्ये तमिळनाडूनं पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. चांगलंच केलं. गवत उपटणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यांना त्यामुळे अटकाव करता येईल. तापलेल्या पाण्याला मात्र नकाशावरची हद्द कळत नाही.

"मग कुरणं राखायला पैसा कुठून आणायचा?" असं सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. धूर सोडणाऱ्यांकडूनच आणावा, पण झालेल्या नुकसानीची भरपाई म्हणून. पुढच्या धुराचा परवाना म्हणून नको.

पुढच्या अर्जात मी आधी मासे, डुगाँग आणि किनाऱ्यावरच्या होड्या लिहिणार आहे. कार्बन शेवटी. निधी नाकारला गेला, तर निदान खऱ्या कारणासाठी नाकारला जाईल.