जुनं सॉफ्टवेअर आणि गावची चावडी

सॉफ्टवेअर कंपनीत दोन प्रकारची माणसं असतात. 'न्यू डेव्हलपमेंट'वाले आणि 'मेंटेनन्स'वाले. पहिल्यांना पार्टी, दुसऱ्यांना रात्री दोनचा फोन! मी दुसऱ्यांतला.

आमच्या वाट्याला येतं ते दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं वेब अ‍ॅप्लिकेशन. लिहिणारा कधीच परदेशी गेलेला, डॉक्युमेंटेशनच्या नावानं बोंब. त्यात 2015 साली पीएचपी 7 आलं आणि डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स गायब झाली. जून 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोररला निरोप दिला, तेव्हा फक्त त्याच्यावरच चालणारी पानं एज ब्राउझरच्या 'आयई मोड'मध्ये आश्रयाला गेली.

अशा वेळी टीममधला सगळ्यात तरुण मेंबर म्हणतो, "सगळं नव्यानं लिहू या ना!" बॉस, जरा दमानं. नेटस्केपनं हेच केलं. आवृत्ती 4 आली 1997 मध्ये आणि नव्यानं लिहिलेली 6 उगवली थेट 2000 च्या शेवटी. तोवर मैदान एक्सप्लोररनं मारलं होतं.

शहाणे लोक तुकड्यातुकड्यानं बदलतात. जुनं चालू ठेवायचं, शेजारी नवं उभं करायचं, एकेक काम तिकडे वळवायचं. मार्टिन फाउलरनं 2004 मध्ये या पद्धतीला दुसऱ्या झाडावर रुजून त्याला वेढणाऱ्या झाडाचं नाव दिलं. आपला वडही तेच करतो की!

पण कोड बदलणं सोपं, डेटा सांभाळणं अवघड. याचा सर्वांत भारी धडा मला हिंजवडीत नाही, आमच्या मोहोळ तालुक्यात मिळाला. गावी गेलं की लांबोटीचा चिवडा घेणं आणि सातबारा काढणं, ही दोन कामं ठरलेली. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12 एकत्र: जमीन कुणाची आणि तिच्यात पीक काय. हाती लिहिलेले उतारे कॉम्प्युटरवर चढवल्यावर 2017 मध्ये राज्यभर चावडीवाचन झालं. कॉम्प्युटरमधली नोंद गावासमोर मोठ्यानं वाचायची. नाव, गट नंबर, क्षेत्र बरोबर आहे का, हे खातेदारानंच सांगायचं. चूक निघाली तर दुरुस्ती. पुढे 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. तो घरबसल्या 15 रुपयांत मिळतो.

आपण 'युझर टेस्टिंग' कसं करतो? मीटिंग रूममध्ये चार मॅनेजर, दोन प्लेट समोसे, सह्या, संपलं. चावडीवर मात्र वीस गुंठे कमी दिसले तर पीककर्ज अडतं. बहिणीचं नाव गळलं तर तिचा हिस्साच कागदावरून पुसला जातो. म्हणून तिथला माणूस कान देऊन ऐकतो.

आमच्या अण्णांनी जुने हस्तलिखित उतारे अजून ट्रंकेत जपलेत. आता सगळं ऑनलाइन आहे, मग हे कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "कॉम्प्युटर चुकला तर त्याला दाखवायला काहीतरी नको का?" बॅकअपची याहून सोपी व्याख्या मी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये ऐकलेली नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या मायग्रेशनआधी एक करा. जुन्या डेटातल्या पन्नास नोंदी काढा, नव्या स्क्रीनवरच्या नोंदींशेजारी ठेवा आणि ज्याचं रोजचं काम त्यावर चालतं त्या क्लार्कला, अकाउंटंटला वाचून दाखवा. तो "थांबा, हे असं नाही" म्हणाला, की लगेच लिहून घ्या. समोसे त्यालाच द्या!