मशागत एकाची, सुगी दुसऱ्याची

2025 च्या सप्टेंबरात लेस्टरशायर या इंग्लंडमधील कौंटी क्लबने कौंटी अजिंक्यपदाच्या दुसऱ्या श्रेणीत पहिला क्रमांक मिळविला आणि 2003 साली गमावलेले पहिल्या श्रेणीतील स्थान परत हस्तगत केले. प्रभू रामचंद्रांचा वनवास चौदा वर्षांनी संपला होता. लेस्टरशायरला त्याहून आठ वर्षे अधिक काढावी लागली. या 22 वर्षांत त्या क्लबने चांगले खेळाडू निर्माण केले नाहीत असे नव्हे. निर्माण पुष्कळ केले. ते त्याला राखता आले नाहीत.

परदेशातील एका लहानशा क्लबची ही कहाणी पहिल्या पानावर मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. मुंबईचा अजिंक्य रहाणे 2024 साली याच क्लबकडून खेळला आणि कार्डिफ येथे ग्लॅमॉर्गनविरुद्ध त्याने शतक झळकाविले, एवढे कारण क्रिकेटवेड्या वाचकास पुरे व्हावे. परंतु त्याहून वजनदार कारण दुसरे आहे. इंग्लंडमधील ‘द हंड्रेड’ या स्पर्धेच्या संघांतील हिस्से 2025 साली विकले गेले. त्यांत मुंबई इंडियन्सच्या मालकांनी लंडनच्या ओव्हल मैदानावरील संघाचा 49 टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टर, लीड्स आणि सदॅम्प्टन येथील संघांतही भारतीय भांडवल शिरले. इंग्लंडच्या कौंट्यांचे भवितव्य ठरविण्यात आता आपल्याकडील पैशाचाही हात आहे. तेव्हा त्याविषयी दोन शब्द बोलणे हा आगंतुकपणा ठरू नये.

लेस्टर आणि नॉटिंगहॅम या दोन शहरांतील अंतर सुमारे 40 किलोमीटर. बोरीबंदरहून निघून ठाण्याच्या थोडे पुढे जावे इतकेच. पण क्रिकेटच्या दृष्टीने ही दोन जगे आहेत. नॉटिंगहॅमला ट्रेंट ब्रिजचे कसोटी मैदान आहे, मोठी प्रेक्षागारे आहेत. लेस्टरच्या ग्रेस रोडवर कसोटी सामना कधी होत नाही, आणि त्यापासून मिळणारा पैसाही येत नाही. स्टुअर्ट ब्रॉड 2005 साली लेस्टरशायरकडून कौंटी क्रिकेटमध्ये उतरला. 2007 च्या डिसेंबरात कोलंबोला तो पहिला कसोटी सामना खेळला, तोवरचे त्याचे सारे कौंटी क्रिकेट लेस्टरशायरचे होते. 2008 पासून तो नॉटिंगहॅमशायरचा झाला. पुढे त्याने कसोटीत 604 बळी घेतले. अभिलेखात त्यांच्यापुढे नाव लागले ते नॉटिंगहॅमशायरचे. ब्रॉडचा जन्मच नॉटिंगहॅमचा, तेव्हा तो घरी गेला, असेही कोणी म्हणू शकेल. परंतु त्याच्या हाती पहिल्याने चेंडू दिला तो शेजारच्या कौंटीने.

2011 साली लेस्टरशायरने टी-ट्वेंटी चषक तिसऱ्यांदा जिंकला. मोसम संपतो न संपतो तोच जेम्स टेलर हा उमदा फलंदाज आणि हॅरी गर्नी हा डावखुरा गोलंदाज, दोघेही नॉटिंगहॅमशायरच्या वाटेला लागले. टेलर हा 2009 सालचा इंग्लंडमधील सर्वोत्कृष्ट तरुण क्रिकेटपटू ठरलेला. दुसऱ्या श्रेणीत धावांच्या राशी घातल्या तरी निवड समिती त्यांना पुरते मोल देत नाही, ही त्याची अडचण होती आणि ती खरी होती. 2014 चा मोसम संपल्यावर जोश कॉब, नेथन बक, ग्रेग स्मिथ यांनी क्लब सोडला. 2018 नंतर झॅक चॅपेल नॉटिंगहॅमशायरला आणि बेन रेन डरॅमला गेला. 2023 नंतर कॅलम पार्किन्सन डरॅमला. या गळतीचा परिणाम काय झाला? 2013 आणि 2014 या संपूर्ण दोन मोसमांत लेस्टरशायरला अजिंक्यपदाच्या स्पर्धेत एकही सामना जिंकता आला नाही. 2015 च्या जूनमध्ये चेम्सफर्डला एसेक्सवर विजय मिळाला, तेव्हा मागील विजयास 992 दिवस लोटले होते.

यावर खेळाडूंना कृतघ्न ठरविणे सोपे आहे. आम्ही त्या मताचे नाही. ज्या काळी कौंटीची निष्ठा ही वस्तू नियमांनी बांधून ठेवली जात होती तो काळ फारसा स्पृहणीय नव्हता. टॉम ग्रेव्हनीसारखा अव्वल फलंदाज 1960 साली कर्णधारपदावरून दूर झाल्यावर ग्लॉस्टरशायर सोडून वुस्टरशायरला जाऊ लागला, तेव्हा त्याला 1961 चा मोसम कौंटी अजिंक्यपदाच्या सामन्यांवाचून काढावा लागला. जणू घर बदलणे हा अपराध आणि रिकामे बसणे हे त्याचे प्रायश्चित्त! पुढे त्याच्या साथीने वुस्टरशायरने 1964 आणि 1965 अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळविली. खेळाडूची उमेदीची वर्षे बारा-पंधरा. टेलरला तर तेवढीही लाभली नाहीत. हृदयविकारामुळे 2016 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला. त्याने पहिल्या श्रेणीकडे धाव घेतली ती योग्यच केली, असे आज कोण म्हणणार नाही? आणि तोच टेलर पुढे प्रशिक्षक म्हणून ग्रेस रोडवर परतला, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

शिवाय खुद्द लेस्टरशायरचे वैभव उभे राहिले ते दुसऱ्यांच्या माणसांवर. रे इलिंगवर्थने यॉर्कशायरकडे काही वर्षांच्या कराराची हमी मागितली. ती नाकारण्यात आली. 1969 साली तो लेस्टरशायरचा कर्णधार झाला आणि 1975 साली त्याच्या हाताखाली या क्लबने पहिले कौंटी अजिंक्यपद जिंकले. क्लबचे सचिव माइक टर्नर यांची दूरदृष्टी अशी की, मोठ्या घरात ज्याचा मान राहिला नाही त्याला त्यांनी आपल्या लहान घरात मानाचे पान दिले. 1996 आणि 1998 ची अजिंक्यपदे जिंकणाऱ्या संघातही अन्य कौंट्यांतून आलेले खेळाडू होते. कर्णधार जेम्स व्हिटेकर मूळचा यॉर्कशायरचा. तेव्हा ये-जा हा दोष नव्हे. त्या काळीही डेव्हिड गॉवर हॅम्पशायरला गेला, फिलिप डिफ्रेटस लँकेशायरला गेला, आणि तरीही क्लबला सावरता आले.

मग बिघडले कोठे? आमच्या मते 2000 साली कौंटी अजिंक्यपदाच्या दोन श्रेण्या झाल्या तेथे. चढ-उतारामुळे सामन्यांना चुरस येईल हा हेतू स्तुत्य होता, आणि चुरस आलीही. परंतु त्याबरोबर वरची आणि खालची अशी दोन घरे निर्माण झाली. खालच्या घरातील हुशार मुलाला वर जाण्याचे दोन मार्ग राहिले: एक, आपल्या संघाला वर नेणे; दुसरा, आपणच वरच्या संघात जाणे. पहिल्याला अनेक वर्षे लागतात, दुसऱ्याला एक सही पुरते. मुलगा गेला की संघ दुबळा होतो आणि वर जाण्याची आशा आणखी मावळते. मग राहिलेल्यांपैकी जो चांगला तो पुढल्या वर्षी निघतो. विहिरीचे पाणी आटू लागले की गाळ वर येतो, तसे हे दुष्टचक्र आहे. कराराची मुदत शिल्लक असेल तर जाणाऱ्या खेळाडूबद्दल काही भरपाई पदरात पडते. मुदत संपली असेल तर क्लबच्या हाती शुभेच्छा उरतात.

आमच्या मुंबईत एका वेगळ्या रीतीने हा प्रश्न सुटलेला होता. दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना यांसारख्या क्लबांनी मुले घडविली. निर्लॉन, मफतलाल, टाटा यांनी त्यांना नोकऱ्या दिल्या आणि टाइम्स शील्डसाठी आपल्या संघांत घेतले. पण पावसाळा आला की तोच खेळाडू कांगा लीगमध्ये चिखल तुडवीत आपल्या जुन्या क्लबसाठी उभा राही. सुनील गावस्कर निर्लॉनचा होता आणि दादर युनियनचाही होता. मोठ्याने लहानाकडून उचलले, तरी लहानाचे सर्वस्व गेले नाही. इंग्लंडच्या कौंट्यांत अशी दुहेरी नाती नाहीत. तेथे गेला तो गेला.

काही शहाण्या मंडळींचे म्हणणे असे की, 18 कौंट्या हव्यातच कशाला; आठ-दहा श्रीमंत क्लब ठेवावेत, बाकीच्यांनी दुकान आवरावे. हा हिशेब कागदावर ठीक दिसतो. पण रेहान अहमदचे उदाहरण घ्या. लेस्टरशायरच्या तालमीत तयार झालेला हा लेगस्पिनर 2022 च्या डिसेंबरात कराचीला कसोटी खेळला तेव्हा 18 वर्षे 126 दिवसांचा होता. इंग्लंडकडून इतक्या लहान वयात कसोटी खेळलेला दुसरा पुरुष खेळाडू नाही. दहाच क्लब असते आणि प्रत्येकात दोन नामांकित फिरकी गोलंदाज ठाण मांडून बसले असते, तर अठराव्या वर्षी त्याला षटके टाकायला कोणी दिली असती? लहान क्लबच्या दारिद्र्यातच तरुणांची संधी असते. तो क्लब मिटविणे म्हणजे बियाणे विकून धान्य घेणे होय.

रेहान 2025 च्या विजयी मोसमातही लेस्टरशायरकडूनच खेळत होता. तो राहिला, इतर राहिले, आणि संघ वर गेला. 2023 सालच्या एकदिवसीय चषकाच्या अंतिम सामन्याची आठवण येथे होते. ‘द हंड्रेड’ चालू असताना ही स्पर्धा भरते, म्हणजे कौंट्यांचे मोहरे दुसरीकडे गुंतलेले असतात. पीटर हँड्सकॉम्ब ऑस्ट्रेलियाला परतलेला. त्याच्या जागी आलेल्या हॅरी स्विंडेल्सने नाबाद 117 धावा केल्या आणि लेस्टरशायरने हॅम्पशायरला अवघ्या 2 धावांनी हरविले. सामना झाला कोठे, तर ट्रेंट ब्रिजवर! नियतीलाही विनोदबुद्धी असते.

आता पैशाचा मुद्दा. ‘द हंड्रेड’च्या विक्रीतून खेळासाठी 50 कोटी पौंडांहून अधिक रक्कम उभी राहत आहे, आणि जेथे त्या स्पर्धेचे सामने होत नाहीत त्या कौंट्यांना वाटणीत झुकते माप आहे. लेस्टरशायर त्यांपैकी एक. ही रक्कम एकदाच येणार आहे. जुनी कर्जे फेडावीत हे ओघानेच आले. पण उरलेली प्रेक्षागारांच्या नव्या छपरांत घालण्याचा मोह ग्रेस रोडच्या चालकांनी आवरावा. वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूंना चार-पाच वर्षांचे करार देण्यासाठी तो निधी राखून ठेवावा. इलिंगवर्थला जी हमी हवी होती ती हीच होती. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानेही एक नियम करावा: खेळाडू वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या कौंटीत घडला, तिला त्याच्या पुढील प्रत्येक कौंटी करारातून ठराविक वाटा मिळावा, मग मूळ करार संपलेला असो वा नसो. हा वाटा नव्या क्लबने द्यावा. खेळाडूच्या वेतनास हात लागू नये. फुटबॉलच्या व्यवहारांत घडविणाऱ्या क्लबांना असा वाटा देण्याची पद्धत रूढ आहे आणि तिने श्रीमंत क्लबांचे दिवाळे निघालेले नाही.

आणि मुंबई, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, दिल्ली येथून जे नवे भागीदार तेथे गेले आहेत, त्यांनी आपल्या आठ संघांत आज जे खेळाडू दिसतात ते कोणत्या मैदानांवरून आले याची एकदा यादी करवून घ्यावी. तींत ओव्हल आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या बरोबरीने ग्रेस रोड, नॉर्दॅम्प्टन, डर्बी, कँटरबरी ही नावे आढळतील. या मैदानांना त्यांनी दान द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. ऑगस्ट महिना त्यांनी घेतलाच आहे. मे, जून आणि सप्टेंबर हे चार दिवसांच्या सामन्यांचे महिने तरी त्यांनी मागू नयेत.