वाग्यूची चरबी बिअरमुळे नाही, मग कशामुळे?

वाग्यू गुरांना बिअर पाजतात, मसाज करतात, असं सांगणारा एक तरी रील तुम्ही पाहिला असेल. पण २०१८ मध्ये ओसाकाहून चीनला चोरून नेलं जात होतं ते गोठवलेलं वीर्य आणि भ्रूण. चीनच्या कस्टम्सने ते अडवलं. पुढच्या वर्षी जपानमध्ये अटका झाल्या, पण कलमं लागली ती जनावरांच्या रोगप्रतिबंधक कायद्याची! वाग्यूचा वंश चोरण्याविरुद्ध वेगळा कायदा तेव्हा नव्हताच. तो २०२० मध्ये आला.

एवढं काय असतं त्या नळ्यांमध्ये?

वासरू पोटात असताना त्याच्या स्नायूंत काही कच्च्या पेशी असतात. त्यातल्या काहींना चरबीच्या वाटेला लावण्यात झेडएनएफ४२३ या जनुकाचा हात असतो. मग पीपीएआर-गॅमा हा मुख्य स्विच चालू होतो आणि पेशी चरबी साठवू लागते. मांसात दिसणारी पांढरी जाळी ती हीच. या पेशी किती असणार, हे बरंचसं जन्माआधी आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ठरतं. नंतरच्या खुराकाने मुख्यतः असलेल्याच पेशी फुगतात.

उलटं टोक बघायचं तर बेल्जियन ब्ल्यू. या जातीत मायोस्टॅटिन हे एकच जनुक बिघडलेलं आहे. स्नायू पैलवानासारखे, चरबी नावाला. वासरं इतकी दांडगी की बहुतेक वेळा सिझेरियन करावं लागतं.

वाग्यूचं तसं नाही. तिथे अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा आहे. एससीडी जनुकामुळे चरबी मऊ होते, कमी तापमानाला वितळते. म्हणून एखादं जनुक उचलून भागत नाही, अख्ख्या वळूचा वारसा लागतो.

खुराक अगदीच बिनकामाचा नाही. जाळी वाढावी म्हणून जपानी शेतकरी ठरावीक काळ अ जीवनसत्त्व कमी देतात. प्रमाण चुकलं तर जनावर आंधळं होतं. बिअरपेक्षा हे रीलमध्ये यायला हवं होतं.

आणि कायदा? तो उशिराच आला. १९७६ मध्येच चार वाग्यू वळू अमेरिकेत गेले होते, नंतर आणखी गेले. आज ऑस्ट्रेलियातही वाग्यूचे मोठे कळप आहेत. उलट जपानमधल्या काळ्या वाग्यूच्या जवळजवळ सगळ्या गायींचा वंश ताजिरी नावाच्या एकाच वळूपर्यंत जातो.